उन्हाळ्यातली कुंडलिका : दोघं, एक कुत्री आणि नदीचं वेळापत्रक

पावसाळ्यात ज्या नद्यांचे पूल पाण्याखाली जातात, त्यांच्याच पात्रात मे महिन्यात गुरं चरताना दिसतात. कोकणात हे जास्तच जाणवतं. घाटमाथ्यापासून समुद्र जवळ, उतार मोठा आणि खालचा खडक पाणी फारसं धरून न ठेवणारा. त्यामुळे आषाढ-श्रावणात कोसळलेला पाऊस बघता बघता खाडीला मिळतो आणि होळीनंतर पात्रात गोटे, वाळू आणि अधूनमधून एखादा डोह एवढंच उरतं. रायगड जिल्ह्यात कोलाडजवळची कुंडलिका मात्र भर उन्हाळ्यात खळाळत असते. त्या काठावर तंबू लागतात, राफ्टिंगच्या होड्या सुटतात आणि पुण्या-मुंबईची माणसं सुट्टीला येतात. अलीकडे त्यांच्याबरोबर त्यांची कुत्रीही येतात.

आम्ही दोघं नवरा-बायको आणि आमची देशी कुत्री चिकू त्यांपैकीच. नदीकाठी मुक्काम करणं आम्हाला मनापासून आवडतं आणि इतरांनीही तो करावा असं वाटतं. पण उन्हाळ्यात, तेही कुत्र्याला घेऊन जायचं, तर एक गोष्ट आधी पटवून घ्यावी लागते. इथलं वेळापत्रक आपण ठरवायचं नसतं. ते नदी ठरवते, कुत्र्याचं अंग ठरवतं आणि ज्यांचा तो काठ आहे, ती गावातली माणसं ठरवतात.

डोंगरापलीकडचं पाणी

कुंडलिकेला मे महिन्यात पाणी कुठून येतं, याचं उत्तर घाटाच्या पलीकडे, पुणे जिल्ह्यात आहे. मुळा नदी मूळची पूर्वेकडे जाणारी. मुठेला भेटून ती भीमेला मिळते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. मुळशीला धरण बांधून टाटांच्या कंपनीने या पाण्याचा मोठा हिस्सा पश्चिमेकडे वळवला. ते पाणी डोंगरातून आणि पुढे मोठ्या नळांमधून सुमारे पाचशे मीटर खाली, भिऱ्याच्या वीजगृहावर येतं. वीजगृह १९२७ साली सुरू झालं. खोपोली (१९१५) आणि भिवपुरी (१९२२) यांच्यानंतरचं हे टाटांचं सह्याद्रीतलं तिसरं वीजगृह. इथली वीज मुंबईला जाते आणि जनित्रं फिरवून मोकळं झालेलं पाणी कुंडलिकेत उतरतं. खाली बंधारे आहेत, डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालवे निघतात, त्यांच्यावर उन्हाळी भात होतो. कोकणात एप्रिलमध्ये हिरवीगार भातखाचरं पाहून नवख्या माणसाला आश्चर्य वाटतं, त्याचं मूळ हेच.

या सोयीची किंमत मुळशी खोऱ्याने मोजली आहे. धरणाच्या विरोधात १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी तो लढवला आणि या लढ्यातूनच बापटांना ‘सेनापती’ हे नाव मिळालं. पन्नासहून अधिक गावांची जमीन त्या पाण्यात गेली. हे पाणी पुन्हा पूर्वेकडे, भीमेच्या खोऱ्याला द्यावं, अशी मागणी पुणे-सोलापूर भागातून आजही होते. कुंडलिकेच्या काठावर पाय सोडून बसणाऱ्याला हा इतिहास ठाऊक असायला हवा. ज्या गारव्यासाठी आपण एवढ्या लांबून येतो, त्यासाठी कुणाची तरी शेतं आणि घरं बुडाली आहेत.

पुण्याहून येणारे पौड, मुळशी, ताम्हिणी, विळे या वाटेने कोलाडला उतरतात. मुळशीचा जलाशय उजव्या-डाव्या हाताला दिसत राहतो आणि घाट उतरल्यावर तेच पाणी नदी होऊन भेटतं. मुंबईहून येणाऱ्यांना गोवा महामार्ग सोयीचा. वडखळ आणि नागोठणे ओलांडलं की कोलाड. रेल्वेने कोकण रेल्वेचं कोलाड स्थानक आहे, पण गाडीतून कुत्रा न्यायचे नियम कडक आहेत. तो सोबत डब्यात हवा असेल तर पहिल्या वर्गातली स्वतंत्र खोली घ्यावी लागते, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत ठेवावा लागतो. उन्हाळ्यात त्या पेटीत कुत्रा ठेवू नये.

पाणी केव्हा वाढतं

पावसाच्या नदीचं पाणी हळूहळू चढतं, असं आपण धरून चालतो. धरणाखालच्या नदीचं तसं नसतं. भिऱ्याला किती जनित्रं चालू आहेत आणि खालच्या बंधाऱ्यातून किती पाणी सोडलंय, यावर कुंडलिकेची पातळी ठरते. आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि पाणी मात्र चढतंय, असं इथं होतं. जलविद्युत केंद्र चटकन सुरू आणि चटकन बंद करता येतं, म्हणून ते विजेची मागणी वाढेल त्या वेळी चालवलं जातं. राफ्टिंग साधारणपणे सकाळी असतं, ते याच सोडलेल्या पाण्यावर.

संध्याकाळी पोचल्यावर पाणी खाली गेलेलं असतं. गोट्यांचा रुंद पट्टा मोकळा पडलेला असतो आणि तंबू अगदी पाण्याशी लावावा असा मोह होतो. आम्ही जागा बघत होतो तेव्हा ज्यांच्या शेतात उतरलो होतो ते काका लगबगीने खाली आले. “दादा, इथं नका लावू. पाणी हिथवर येतं,” असं म्हणून त्यांनी काठीने एक रेघ दाखवली. नुसत्या डोळ्यांना ती दिसली नसती. रेघेच्या खालचे गोटे काळपट होते आणि त्यांच्या पोटाशी हिरवट बुळबुळीत थर होता. वरचे गोटे पांढुरके आणि खडखडीत कोरडे. रेघेवर काटक्या, वाळलेली पानं आणि प्लास्टिकचे चिटोरे ओळीने अडकले होते. पाणी रोज कुठवर येतं, ते नदी असं लिहून ठेवते. तंबू या रेघेच्या चांगलाच वर, उंचवट्यावर लावायचा आणि परतीची वाट पाण्याच्या बाजूने नव्हे तर शेताच्या बाजूने ठेवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं तेव्हा आधी आवाज बदलला. रात्रभर चाललेली बारीक खळखळ भरदार झाली. मग काठाशी फेसाची एक पांढरी किनार आली, त्यात सुकी पानं गोल गोल फिरू लागली आणि पात्रातले गोटे एकेक करून दिसेनासे झाले. चिकू कान टवकारून उठली आणि मागे सरकली. “अगं, बघ, काकांच्या रेघेला पाणी टेकलं,” नवरा म्हणाला. आदल्या संध्याकाळी आम्ही चहा घेत बसलो होतो तो सपाट खडक तोवर पूर्ण बुडाला होता.

वाहत्या पाण्याचा जोर डोळ्यांना कळत नाही. वेग दुप्पट झाला की पाण्याचा धक्का चौपट होतो. घोट्याएवढ्या पाण्यात जो गोटा पायाला आधार देतो, त्याच गोट्यावरून गुडघाभर पाण्यात माणूस घसरतो. म्हणून अंघोळीला उतरायचं ते गावच्या बायका धुणं धुतात त्याच जागी आणि पाणी केव्हा सोडतात ते गावात विचारून. मे संपत आला की वळवाचा पाऊस, विजा आणि वरच्या अंगाला पडलेल्या सरी याही लक्षात घ्याव्या लागतात. गडगडाट ऐकू आला की पात्र सोडायचं आणि एकट्या उंच झाडाखाली थांबायचं नाही.

कुत्र्याचा उन्हाळा

माणसाला सर्वांगाला घाम येतो. कुत्र्याला तो जवळजवळ फक्त पंजांच्या गाद्यांना येतो. अंग थंड ठेवण्याचं त्याचं मुख्य साधन म्हणजे धापा टाकणं. जिभेवरच्या आणि श्वासमार्गातल्या ओलाव्याची वाफ होते आणि तिच्याबरोबर उष्णता बाहेर जाते. हवा दमट असली की ही वाफ नीट होत नाही. म्हणूनच देशावरच्या कोरड्या चाळीस अंशांपेक्षा कोकणातले दमट पस्तीस अंश कुत्र्याला जास्त जाचतात. त्यात भिरा-कोलाडचा पट्टा डोंगरांच्या कुशीत असल्याने चांगलाच तापतो. २०१७ च्या मार्चअखेरीस भिऱ्याला ४६.५ अंशांची नोंद झाली होती आणि तिची देशभर चर्चा झाली.

निरोगी कुत्र्याचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. ते ४१ च्या वर गेलं की जिवाला धोका. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींचा श्वासमार्गच अरुंद असतो, त्यांना उन्हाळी मुक्कामाला नेऊच नये. म्हातारी, लठ्ठ आणि हृदयाचा त्रास असलेली कुत्रीही घरीच बरी. देशी कुत्र्याला आपली हवा मानवते, पण त्यालाही दुपारी सावली लागते.

म्हणून आमचा दिवस चिकूच्या अंगाला सोसेल तसा आखला जातो. पहाटे फटफटताना फिरायचं, ऊन चढायच्या आत परत यायचं. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच ही वेळ झाडाखाली काढायची. तंबू दुपारी उन्हात असेल तर आत कुणीच थांबायचं नाही, कारण आतली हवा बाहेरपेक्षा कितीतरी गरम होते. बंद मोटारीचं तर बोलायलाच नको. दहा मिनिटांत आतलं तापमान दहा अंशांनी वाढू शकतं, तेव्हा “दोन मिनिटांत येते” म्हणून कुत्र्याला गाडीत ठेवणं जीवघेणं आहे. डांबरी रस्त्यावर किंवा तापलेल्या गोट्यांवर न्यायच्या आधी तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघायची. आपल्याला सोसत नसेल तर तिच्या पंजांनाही सोसणार नाही.

उष्माघाताची खूण ओळखता यायला हवी. धाप थांबत नाही, लाळ घट्ट आणि चिकट होते, हिरड्या लालबुंद दिसतात, पाय लटपटतात, उलटी होते. अशा वेळी आधी अंग थंड करायचं आणि मग दवाखाना गाठायचा. साधं पाणी पोटावर, काखेत आणि जांघेत भरपूर ओतायचं आणि वारा घालायचा. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवला तर खाली उष्णता कोंडते, त्यापेक्षा पाणी ओतत राहणं चांगलं. शुद्धीवर असेल तर थोडं थोडं पाणी प्यायला द्यायचं, बळजबरीने तोंडात ओतायचं नाही. बरं वाटू लागलं तरी पशुवैद्याला दाखवायचंच, कारण आतल्या अवयवांना झालेली इजा नंतर उमगते. निघण्याआधीच रोहा किंवा माणगावच्या पशुवैद्याचा नंबर मिळवून ठेवावा.

पाण्यात उतरताना

सगळ्या कुत्र्यांना पोहता येतं हा समज चुकीचा आहे आणि ज्यांना येतं त्यांनाही प्रवाहाविरुद्ध फार वेळ टिकता येत नाही. पाठीवर मूठ असलेलं कुत्र्याचं लाइफ जॅकेट आता सहज मिळतं. ती मूठ धरून त्याला उचलून घेता येतं, हा त्याचा खरा उपयोग. लांब दोरी बांधून वाहत्या पाण्यात सोडू नये, ती खडकात किंवा झाडाच्या मुळीत अडकली तर कुत्रा पाण्याखाली ओढला जातो. उथळ, संथ जागा बघायची आणि आपण त्याच्या खालच्या अंगाला उभं राहायचं.

पाण्यातून काठी आणायचा खेळ फार वेळ चालवू नये. प्रत्येक फेरीत कुत्रा पाणी गिळतो. ते फार झालं तर रक्तातलं सोडियम घसरतं, कुत्रा झोकांड्या खातो, उलट्या करतो, आणि ते जिवावरही बेतू शकतं. साचलेल्या डबक्यातलं पाणी प्यायला देऊ नये. उंदीर-घुशींच्या मुतातून येणारा लेप्टोस्पायरोसिस माणसालाही होतो आणि कुत्र्यालाही. रेबीजची आणि लेप्टोची लस वेळेवर टोचलेली असली पाहिजे. बाहेर आल्यावर कान पुसून कोरडे करायचे आणि अंग चाचपून गोचिड्या बघायच्या. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या मुळाशी त्या दडून बसतात. गोचीडतापाने कुत्री दगावतात, म्हणून निघायच्या आधी गोचीड-प्रतिबंधक औषध द्यावं.

आणखी एक गोष्ट नदीनुसार बदलते. महाडजवळची सावित्री, चिपळूणची वाशिष्ठी आणि सांगलीकडची कृष्णा या नद्यांत मगरी आहेत. तिथं काठाशी पाणी पिणारा कुत्रा हे मगरीचं सोपं सावज आहे. कुठल्याही नव्या नदीवर गेलं की “पाण्यात काय आहे?” हा प्रश्न कोळ्यांना किंवा गुराख्यांना आधी विचारावा.

रात्र

काळोख पडला की चिकू तंबूच्या आत. तिला बाहेर झाडाला बांधून ठेवायचं नाही, हा आमचा नियम आहे. सह्याद्रीच्या पायथ्याला बिबट्या आहे आणि कुत्रा हे त्याचं नेहमीचं भक्ष्य. बाहेर बांधलेला कुत्रा त्याला तंबूपर्यंत बोलावून आणतो. दिवसाही साखळी सोडायची ती मोकळ्या, नजरेच्या टप्प्यातल्या जागीच.

मण्यार रात्री फिरते, तिचा दंश दुखत नाही आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही. म्हणून तळ शिवलेला, चेन नीट लागणारा तंबू हवा आणि ती चेन दिवसाही बंद ठेवायची. नाग, घोणस, फुरसं हेही या भागात आहेत. काळोखात चालताना पायाखाली बॅटरी, सकाळी बूट झटकून पायात घालणं, सरपण हात घालून न उचलणं ही कोकणातली रोजची शिस्त. दंश झालाच तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, हालचाल न करता सरळ सरकारी रुग्णालय गाठायचं. कुत्र्यालाही तीच सर्पविषप्रतिबंधक लस उपयोगी पडते.

विंचवाचं कोकणात वेगळं महत्त्व आहे. लाल विंचवाच्या दंशाने इथं एकेकाळी मुलं मोठ्या संख्येने दगावत. महाडला राहून डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी त्यावर संशोधन केलं आणि रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे औषध या दंशावर गुणकारी ठरतं हे दाखवून दिलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज विंचू चावलेला माणूस वेळेवर दवाखान्यात पोचला तर बहुतेक वाचतो, तो या कामामुळे.

चूल, आंबे आणि हाडं

मे महिन्यात गवत वाळून कोळ झालेलं असतं. शेकोटीची एक ठिणगी वणवा लावायला पुरते आणि वणव्यात आंबा-काजूच्या बागा, गुरांचा चारा, पक्ष्यांची घरटी सगळं जातं. म्हणून आम्ही शेकोटी करत नाही. चहा छोट्या गॅसवर आणि जेवण गावातल्या घरून. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, कैरीची आमटी आणि नंतर आंबा. त्या घरात चार पैसे जातात, हेही महत्त्वाचं.

कुत्र्याचं खाणं मात्र घरून न्यायचं. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतो, म्हणून आपल्या ताटातली आमटी-रस्सा त्याला चालत नाही. चॉकलेट, द्राक्षं आणि मनुका विषारी. शिजवलेल्या कोंबडीच्या हाडांचे अणकुचीदार तुकडे होतात आणि आतडं फाडतात. उन्हाळ्यात सगळ्यात धोक्याची असते आंब्याची कोय. वासाला गोड, चाटायला गुळगुळीत, म्हणून कुत्रा ती गिळतो आणि मग आतड्यात अडकलेली कोय शस्त्रक्रिया करूनच काढावी लागते. आंबे खाऊन झाले की कोयी मोजून पिशवीत भरायच्या.

काठ कुणाचा

गोट्यांचा जो पट्टा आपल्याला ओसाड वाटतो, तो टिटवीचा संसार असतो. मार्चपासून ती उघड्यावर, चार खड्यांच्या आळ्यात अंडी घालते. अंडी मातकट, वर काळे ठिपके. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली की समजायचं, अंडी जवळ आहेत. तिथून कुत्र्याला आवळून धरून मागे फिरायचं. भर दुपारी ती उठून गेली तर उन्हाने अंडी शिजतात. कंठेरी चिखल्याही अशाच गोट्यांत वीण घालतो.

अभयारण्यात कुत्रा न्यायचाच नाही. कोलाडच्या आसपास ताम्हिणी, सुधागड आणि फणसाड ही अभयारण्यं आहेत. कुत्र्यांमधला डिस्टेंपर हा रोग कोळसुंद्यांना, म्हणजे रानकुत्र्यांनाही होतो आणि त्यांचा अख्खा कळप त्यात जाऊ शकतो. आपला कुत्रा निरोगी दिसला तरी तो वाहक असू शकतो.

आणि काठ गावाचा आहे. या पाण्यावर शेतकऱ्याचा भात आहे, कातकऱ्यांची मासेमारी आहे, बायकांचं धुणं आहे. परवानगी घेऊनच शेतात उतरायचं, गुरांच्या वाटेवर तंबू लावायचा नाही, साबण-शांपू नदीत न्यायचा नाही, कुत्र्याची विष्ठा पुरायची किंवा पिशवीत भरायची. गावच्या कुत्र्यांचे इलाके ठरलेले असतात. आपला कुत्रा मोकळा सोडला की भांडण होणार आणि रात्रभर गाव जागं राहणार.

केव्हा जावं

कुंडलिकेचं उन्हाळी पाणी पावसावर अवलंबून नाही. त्यामुळे ते मे महिन्यात असतं तसं फेब्रुवारी-मार्चमध्येही असतं. मुलांच्या परीक्षा आणि सुट्ट्या नसतील, तर कुत्र्याला घेऊन जायला होळीच्या आसपासचे दिवस सगळ्यात चांगले. रात्री गार असतात, पळस-पांगारे फुललेले असतात आणि दुपारचं ऊन अजून सोसण्याजोगं असतं. मे महिन्यातच जायचं असेल तर मुक्काम लहान ठेवा, झाडीची जागा निवडा आणि जायच्या आधी फोन करून तीन गोष्टी विचारा: पाणी केव्हा सोडतात, दुपारी सावली कुठे असते, कुत्रा चालेल का. तिन्हीची उत्तरं नीट मिळाली नाहीत तर दुसरी जागा शोधा किंवा कुत्र्याला या वेळी शेजाऱ्यांकडे ठेवा. तो आपल्याला “ऊन सोसत नाही” असं सांगू शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने तो निर्णय आपणच घ्यायचा असतो.